थर्मामीटर नव्हता, मग कळलं कसं?

मागच्या अंकात ग्रीनलँडच्या बर्फावर मी जेमतेम पाव पान लिहिलं होतं, ते पण एक जाहिरात ऐनवेळी आली नाही म्हणून उरलेली जागा भरायला, आणि त्यावर एवढी पत्रं नि मेसेज आले की संपादकबाई म्हणाल्या आता पुढचा अख्खा कॉलम यावरच करून टाका. त्यामुळे इन्व्हर्टरची बॅटरी आणि माळ्यावरची वाळवी पुढच्या वेळी, राग मानू नका.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी : ग्रीनलँड, स्वीडन, फिनलंड, सायबेरिया असल्या उत्तरेकडच्या भागांत हजारो वर्षांपूर्वी हवा किती गार होती किती गरम होती हे शास्त्रज्ञ बर्फ, झाडं, तळ्यातला गाळ यांच्यावरून काढतात, एवढंच मी लिहिलं होतं. कसं काढतात ते लिहिलं नव्हतं आणि बरोबर तिथेच सगळ्यांनी मला धरलंय.

प्रश्न : मी खारघरला राहतो, वय ७१, आयुष्य अकाउंट्समध्ये गेलं. उद्या पाऊस पडेल का ते यांना धड सांगता येत नाही, छत्री घेऊन निघालो की कडक ऊन. आणि वीस हजार वर्षांपूर्वी ग्रीनलँडला किती डिग्री होतं ते मात्र सांगतात! तेव्हा तिथे थर्मामीटर घेऊन कोण बसलं होतं?

काका, कोणीच बसलं नव्हतं. थर्मामीटरने घेतलेली जगातली सगळ्यात लांब सलग नोंद इंग्लंडच्या मध्य भागाची आहे, ती सुरू होते १६५९ ला. आपली कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. त्याच्या मागे जायचं तर खुणांवरूनच काढावं लागतं.

आता खुणा म्हणजे काय ते सांगतो. माझ्या मावशीच्या चाळीत, ठाण्यातच, सखल भागात आहे ती, जिन्याखालच्या भिंतीवर २६ जुलै २००५ चा डाग आहे. माझ्या छातीला लागतो. तीनदा रंग मारून झाला तरी दर पावसाळ्यात ओल आली की ती रेघ परत वर येतेच. समजा मला त्या दिवसाबद्दल काहीच माहीत नाही, पेपर नाही, सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटरचा आकडा नाही, तर त्या डागावरून मला काय कळेल? पाणी इथपर्यंत आलं होतं हे नक्की कळेल. पण पाऊस किती पडला ते नाही कळणार, कारण पाणी पावसाचंही असेल, भरतीचंही असेल, नाला तुंबल्याचंही असेल, तिन्हीचं मिळून असेल. मग मी काय करीन, शेजारच्या दहा बिल्डिंगींचे डाग बघीन, खाडीपासून लांबच्या भागातले बघीन जिथे भरतीचा संबंध नाही, आणि हळूहळू कुठला भाग पावसाचा नि कुठला खाडीचा ते सोडवत जाईन. उत्तरेकडच्या जुन्या हवामानाचं सगळं काम हेच आहे, डाग वाचायचे आणि मुख्य म्हणजे एकाच डागावर भरवसा ठेवायचा नाही.

या खुणांना हे लोक प्रॉक्सी म्हणतात. कॉलेजात आपण लावायचो ना, तीच. मित्र गायब असतो आणि आपण आवाज बदलून त्याची हजेरी देतो. इथे तापमान गायब आहे आणि त्याच्या जागी बर्फ उठून हजेरी देतोय. आवाज थोडा बदललेला असतो हे मास्तरांना माहीत असतं, फक्त किती बदललाय ते ओळखायचं असतं.

बर्फाचं प्रकरण सुरू झालं ते एका बिअरच्या बाटलीपासून. विली डान्सगार्ड नावाचा डॅनिश शास्त्रज्ञ, कोपनहेगनचा, त्याने जून १९५२ मध्ये घरच्या बागेत बिअरच्या बाटलीवर नरसाळं ठेवलं आणि पावसाचं पाणी गोळा केलं. त्याच्याकडे लॅबमध्ये आयसोटोप मोजायचं मशीन होतं. पाण्यातला ऑक्सिजन बहुतेक सगळा १६ वजनाचा असतो पण साधारण पाचशेत एक अणू १८ वजनाचा, म्हणजे जड असतो. जड पाणी वाफ व्हायला कुरकुरतं, आणि वाफ झालीच तर ढग गार झाल्यावर सगळ्यात आधी तेच खाली उतरतं. घाटात गाडी चढेना की आपण आधी जड माणसांना खाली उतरवतो तसं. ढग गरम समुद्रावरून निघून उत्तरेकडे जात जात गार होत जातो, वाटेत जड पाणी टाकत जातो, आणि ग्रीनलँडला पोचेपर्यंत जेवढा जास्त गारठलेला तेवढं त्याच्यात जड पाणी कमी. म्हणजे तिथल्या बर्फात जड ऑक्सिजन किती उरलाय ते मोजलं की बर्फ पडला तेव्हा किती थंडी होती त्याचा अंदाज येतो. सध्याच्या ग्रीनलँडमध्ये एका डिग्रीला हजारात ०.७ च्या आसपास फरक पडतो.

मग १९६६ ला अमेरिकन आर्मीच्या कॅम्प सेंचुरी नावाच्या बर्फाखालच्या तळावर (खरंच बर्फाच्या आत बोगदे खणून बांधलेला तळ, आत अणुभट्टी पण होती, शीतयुद्धातले उद्योग) ड्रिल जवळजवळ १,४०० मीटर खाली जाऊन एकदम बुडाला टेकला, आणि त्या बर्फाच्या दांड्यावर (याला कोअर म्हणतात) डान्सगार्डने तेच बाटलीवालं गणित लावलं. पूर्ण हिमयुग त्यात सापडलं.

तुम्ही अकाउंट्सचे म्हणून पुढची गोष्ट खास तुमच्यासाठी, ऑडिटची. पुढे मध्य ग्रीनलँडमध्ये ३ किलोमीटर खोल भोक पाडलं आणि १९९० च्या दशकात त्या भोकातच थर्मामीटर खाली सोडला. बर्फातून उष्णता इतकी सावकाश सरकते की हिमयुगातला गारठा अजून आत खोलवर थोडा शिल्लक आहे. त्यावरून हिशोब केला तर हिमयुगाच्या ऐन भरात तिथे आजच्यापेक्षा २३ डिग्री कमी होतं असं निघालं. आणि ऑक्सिजनवरून आधी जो फरक काढला होता तो याच्या निम्म्याच्या आसपास होता! म्हणजे ऑक्सिजन खोटं बोलत नव्हता, पण आवाज जरा जास्तच दाबून हजेरी देत होता. आकडा दुरुस्त झाला. तेव्हा काका, थर्मामीटर घेऊन कोणी बसलं नव्हतं हे बरोबर, पण नंतर सोडला तरी चाललं.

प्रश्न : ऐरोलीला टेरेस फ्लॅट आहे. मी पण बाटली आणि नरसाळं लावलं तर मुंबईचं तापमान काढता येईल का? लॉकडाऊनपासून घरात असले प्रयोग चालू असतात, बायको वैतागली आहे.

पाणी जमा करा, हरकत काहीच नाही, डासांचं तेवढं बघा. पण मोजायला मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे डान्सगार्डकडचं ते मशीन, लागेल आणि तो आणलात तर वहिनी खरंच माहेरी जातील.

दुसरं म्हणजे आपल्याकडे ही युक्ती तशी चालतच नाही. आपल्याकडे जुलैत नि सप्टेंबरात तापमान असं कितीसं बदलतं? इथे ऑक्सिजन बदलतो तो पाऊस किती पडला त्यावर, जोरदार धो धो पाऊस असेल तर पाण्यात जड ऑक्सिजन कमी निघतो. म्हणजे तीच बाटली तेच मशीन, कोपनहेगनच्या पलीकडे उत्तरेला ती थंडी सांगते आणि ऐरोलीत पावसाचा जोर सांगते. एकीकडचा फॉर्म्युला दुसरीकडे चिकटवला की वाट लागली.

प्रश्न : सर, मी वाशीला अकरावी सायन्सला आहे. बर्फ किती जुना आहे हे कसं काढतात? कार्बन डेटिंग का?

नाही. कार्बन डेटिंग एक तर पन्नास हजार वर्षांच्या पलीकडे टेकतं, आणि त्याला पान, लाकूड, हाड असं काहीतरी कधीकाळी जिवंत असलेलं लागतं, ते बर्फात कुठलं. बर्फाचं वय बरंचसं मोजूनच काढतात, एक दोन तीन चार असं. तिथे उन्हाळ्यातला बर्फ वेगळा, हिवाळ्यातला वेगळा, वसंतात धूळ जास्त येते, ऑक्सिजन पण उन्हाळा-हिवाळा वर-खाली होतो, असे दरवर्षीचे पट्टे पडतात आणि ते मशीनने वाचत जायचे. वर पट्टे जाड असतात, खाली गेलं की वरच्या वजनाने चेपून चेपून पापडासारखे होतात. तरी ग्रीनलँडच्या कोअरमध्ये ६०,००० वर्षांपर्यंत पट्टे मोजलेत लोकांनी. कंटाळवाणं काम आहे, मी दहा मिनिटं फोटोवर मोजायचा प्रयत्न केला आणि चहाला उठलो.

वाटेत मैलाचे दगड असतात. १९६० च्या दशकाच्या सुरवातीला अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या त्यांची किरणोत्सारी धूळ. १७८३ ला आइसलँडमध्ये लाकी नावाची भेग फुटली, आठ महिने लाव्हा ओकत होती, तिचं गंधकाचं ॲसिड. (आपल्याकडे तेव्हा सालबाईचा तह नुकता झालेला, ठाणं नि साष्टी इंग्रजांच्या घशात गेलेली.) आणखी खाली गेलं की रोमन लोकांनी चांदीसाठी खनिज वितळवलं त्याच्या धुरातलं शिसं, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं, ते पण ग्रीनलँडला जाऊन बसलंय. म्हणजे प्रदूषण ही काही आपल्या एमआयडीसीची आयडिया नव्हे.

एक आकडा लक्षात ठेव, व्हायवाला कोणी विचारणार नाही पण मजेशीर आहे. आपण सध्या ज्या काळात राहतो त्या होलोसीनची अधिकृत सुरवात उत्तर ग्रीनलँडच्या एनग्रिप नावाच्या कोअरमध्ये १,४९२.४५ मीटर खोलीवर मारलेली आहे, म्हणजे इसवी सन २००० च्या ११,७०० वर्षं आधी, चूक झालीच तर ९९ वर्षं इकडे-तिकडे. चूक किती ते पण लिहून ठेवलंय बघ, जर्नलमध्ये तुम्ही मुलं तेवढंच विसरता. त्या रेषेपाशी ग्रीनलँडचं तापमान काही दशकांत १० डिग्रीच्या आसपास चढलं, आणि ढग कुठल्या समुद्रावरून येतात ते तर १ ते ३ वर्षांत बदललं असं त्या बर्फातून दिसतं. आपला मान्सून तीन वर्षांत कायमचा रस्ता बदलून बसला तर काय होईल तसं काहीतरी.

प्रश्न : रोज सकाळी येऊरला चालायला जाते. तिथल्या झाडांवरून पण असं जुनं हवामान कळू शकतं का? की फक्त थंड देशातली झाडं चालतात?

ताई, तुमचं पत्र वाचून मी अक्षरशः खुर्चीतून उठलो, कारण ठाण्याच्या सागावर हे काम झालेलं आहे! पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या जी. बी. पंत आणि एच. पी. बोरगावकर यांनी १९८३ मध्ये ठाणे परिसरातल्या सागाच्या वर्षवलयांवर पेपर छापला होता. उष्ण प्रदेशातल्या बऱ्याच झाडांत वलयं धड दिसतच नाहीत, सागात दिसतात, कारण तो उन्हाळ्यात पानं झाडून गप्प बसतो आणि पाऊस आला की मोठ्या छिद्रांचं लाकूड घालत सुटतो.

माझ्याकडे वखारीतून आणलेली सागाची एक चकती आहे, वखारवाल्याने पैसे घेतले नाहीत पण डोकं फिरलंय असं तोंडावर म्हणाला. काचपेपरने घासली, थुंकीचं बोट फिरवलं (पाणी चालतं, सवय आहे), आणि स्टॅम्प बघायच्या भिंगाने मोजली. पहिल्यांदा ४३ आली. दुसऱ्यांदा ४५. बायकोने मोजली तर ४१. कारण एखाद्या वर्षी मध्येच कोरड पडून परत पाऊस आला की झाड एका वर्षात दोन रेघा काढतं आणि फारच वाईट वर्ष असेल तर एखाद्या बाजूला रेघच काढत नाही. म्हणून एक झाड कधीच मोजत नाहीत, वीस-पंचवीस झाडं घेऊन त्यांची रुंद-अरुंद वलयांची नक्षी एकमेकांवर बसवतात, जे वर्ष बाकीच्यांत आहे आणि एकातच नाही ते त्या झाडाने खाल्लंय हे लगेच कळतं.

आपला साग बहुतेक पावसाचं सांगतो. उत्तरेकडे, म्हणजे जिथे जंगल संपून नुसता गारठा सुरू होतो त्या टोकाला, पाण्याची ददात नसते, उन्हाळ्याची असते, त्यामुळे तिथलं पाइन किंवा लार्च उन्हाळा किती गरम होता ते सांगतं. उत्तर स्वीडन आणि फिनलंडच्या तळ्यांमध्ये हजारो वर्षांपूर्वी पडलेले पाइनचे ओंडके थंड पाण्यात कुजल्याशिवाय तसेच पडलेत, ते काढून आजच्या जिवंत झाडांना जोडत जोडत सात हजार वर्षांहून लांब सलग साखळी लागली आहे. एकही वर्ष न गाळता.

आणि आता ती गोष्ट जी मला ड्रिल-बिल सगळ्यापेक्षा जास्त आवडते. इसवी सन ५३६ ला उत्तरेकडच्या झाडांची वलयं एकदम बारीक झालेली दिसतात, उन्हाळाच नाही झाला असं म्हणा, आणि त्या काळातल्या लोकांनी पण सूर्य फिका पडला असं लिहून ठेवलंय. संशय ज्वालामुखीवर. पण ग्रीनलँडच्या बर्फात बघितलं तर गंधकाचा मोठा पट्टा काही वर्षं आधीच! म्हणजे ज्वालामुखी आधी फुटला आणि थंडी इतक्या वर्षांनी पडली, असं कसं? काही लोक म्हणायला लागले की ज्वालामुखीचा नि थंडीचा एवढा संबंध नसेलच. बरीच वर्षं हा घोळ चालू होता.

मग २०१२ ला फुसा मियाके या जपानी संशोधक बाईंनी देवदारासारख्या जुन्या जपानी सीडर झाडांत इसवी सन ७७५ च्या वलयात किरणोत्सारी कार्बनची अचानक उडी पकडली. अवकाशातून आलेल्या कणांचा एक जबरदस्त मारा झाला होता. असा मारा जगभर एकाच वेळी होतो, म्हणजे बर्फात पण त्याची खूण पाहिजे, तिथे ती बेरिलियम-१० च्या रूपात असते. ती शोधली तर सापडली, पण चुकीच्या वर्षात! बर्फाची मोजणी त्या काळात सुमारे ७ वर्षांनी सरकलेली होती. कुठेतरी एखादा डबल पट्टा दोन वर्षं म्हणून धरला गेला असणार, माझ्या चकतीत झालं तसंच. २०१५ मध्ये मायकेल सिगल आणि बाकीच्यांनी बर्फाचं कॅलेंडर ७ वर्षं सरकवलं आणि गंधकाचा पट्टा नेमका ५३६ वर येऊन बसला. त्यानंतरचे पण एकेक ज्वालामुखी आणि बारीक वलयं जोडीने जुळत गेली.

एवढ्या मोठ्या मशीनी, करोडोंचा खर्च, आणि चूक कोणी पकडली तर झाडांनी.

झाडं पण साधीसुधी नाहीत हां. साधारण १९६० नंतर उत्तरेकडच्या काही जंगलांत तापमान वाढतंय पण वलयं त्या मानाने रुंद होत नाहीत असं दिसलंय, कोरड म्हणा, अजून काही म्हणा, कारणावर वाद आहेत. जी झाडं आत्ता हजेरी नीट देत नाहीत त्यांची जुनी हजेरी किती धरायची, हा प्रश्न रास्त आहे आणि तो लपवून ठेवू नये असं माझं मत आहे.

प्रश्न : तलावपाळीचा गाळ काढला तर ठाण्याचा हजार वर्षांचा इतिहास निघेल का? लहानपणापासून डोक्यात आहे.

निर्माल्य निघेल, बोटीतून पडलेले मोबाइल निघतील. मासुंदा तलावाचा गाळ माणसांनी इतक्या वेळा ढवळलाय, उपसलाय की थर असे काही उरलेच नसणार. खाडीत तर रोज दोनदा भरती आणि वर चिंबोऱ्या भोकं पाडतात.

थर टिकायला तळं शांत लागतं. उत्तरेकडे हिवाळ्यात तळं वरून गोठून झाकण लागतं, वारा नाही लाट नाही, आत गढूळ पाण्यातली एकदम बारीक माती हळूहळू बसते, तो काळपट पातळ थर. उन्हाळ्यात बर्फ वितळून ओढे धावतात, ते जाडी रेती आणतात, तो फिका थर. दोन मिळून एक वर्ष. स्वीडनमध्ये जेरार्ड डे गेर या माणसाच्या हे १८७८ मध्येच लक्षात आलं आणि पुढे त्याने विद्यार्थ्यांना कामाला लावून विटांच्या मातीच्या खाणींतून, नदीच्या दरडींतून हे थर मोजून घेतले, कागदाच्या पट्ट्यांवर थरांची जाडी उतरवायची आणि एका खाणीची पट्टी दुसरीच्या शेजारी धरून जुळवायची. हिमयुगाची बर्फाची चादर स्वीडनवरून वर्षा-वर्षाला किती मागे हटली ते त्याने त्यावरून सांगितलं. कार्बन डेटिंगच्या कितीतरी आधी.

गाळात परागकण पण असतात. परागकणाचं टरफल इतकं चिवट असतं की ॲसिडमध्ये टाकलं तरी राहतं, आणि प्रत्येक झाडाचं टरफल वेगळं. लेनार्ट फॉन पोस्ट, हा पण स्वीडिशच, त्याने १९१६ मध्ये थराथरातले परागकण मोजून कुठल्या काळात कुठलं जंगल होतं त्याचे आलेख मांडले. फक्त पाइनचे परागकण वाऱ्याने फार लांब उडतात त्यामुळे पाइन आहे त्यापेक्षा जास्त वाटतं, ज्या मंडळाचा डीजे मोठा तेच एरियातलं एकमेव मंडळ आहे असं वाटतं तसं. ते वजा करावं लागतं. आणखी एक गंमत म्हणजे डासासारखे दिसणारे पण न चावणारे काही किडे असतात, त्यांच्या अळ्या तळ्याच्या बुडाशी राहतात, त्यांच्या डोक्याची टरफलं गाळात हजारो वर्षं टिकतात आणि कुठली जात आहे त्यावरून उन्हाळ्याचं तापमान काढतात. माशी बसली की हाकलायची एवढंच आपल्याला माहीत.

प्रश्न : घणसोलीला आयटीत आहे. ऑफिसच्या लंच ग्रुपमध्ये एकाचं नेहमीचं म्हणणं की हवामान आधीपासून बदलतंच आलंय, तुम्हीच सांगितलं १० डिग्री काही दशकांत, मग आत्ता एवढी बोंब कशाला?

त्याला सांगा ती १० डिग्री ग्रीनलँडची होती, पृथ्वीची नव्हे. त्या उड्या अटलांटिक समुद्रातले प्रवाह चालू-बंद होण्याशी बांधलेल्या आहेत, हिमयुगात ग्रीनलँड तापायचं तेव्हा तिकडे अंटार्क्टिका उलट हळूहळू गार व्हायला लागायचं, सी-सॉसारखं. आत्ता सगळीकडेच एका दिशेने चाललंय.

आणि बर्फातले बुडबुडे बघा म्हणावं. बर्फ पडतो तेव्हा भुसभुशीत असतो, ६० ते १०० मीटर खाली दबला की मधली हवा बंद होते, म्हणजे बूच उशिरा लागतं त्यामुळे आतली हवा बर्फापेक्षा वयाने लहान असते, तो हिशोब वेगळा ठेवतात. त्या हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला ग्रीनलँडचा बर्फ मात्र बरा नाही, तिथल्या धुळीत चुनखडी असते तिची रासायनिक क्रिया होऊन गॅस वाढतो. ते काम अंटार्क्टिकाच्या स्वच्छ बर्फावर केलं, ८,००,००० वर्षांचं. त्यात कधीही दहा लाखांत ३०० भागांच्या वर आकडा गेलेला नाही, कारखाने सुरू व्हायच्या आधी २८० होता, आणि आता ४२० च्या वर आहे. याच्यावर तो काय म्हणतो ते मला कळवा, डब्यात काय होतं ते पण.

प्रश्न : दिव्याला राहते, आमच्याकडे लाइट कधीही जाते, फ्रीजमधलं दूध नासतं. त्या शास्त्रज्ञांच्या बर्फाचं लाइट गेल्यावर काय होतं?

इतका चांगला प्रश्न कोणीच विचारला नव्हता. वितळतो, दुसरं काय. २०१७ मध्ये कॅनडात एका साठवणुकीच्या खोलीतली कूलिंग यंत्रणा बिघडली आणि वर गरम हवा सोडायला लागली, कॅनडाच्या उत्तरेकडून आणलेल्या कोअरचा जवळजवळ आठवा भाग पाणी झाला. फरशीवर डबकी. हजारो वर्षांची नोंद आणि पोचा मारायची वेळ. तेव्हापासून कुठल्याही लॅबवाल्याला विचारा, जनरेटर आणि अलार्म याच्यावर तो तुम्हाला तासभर ऐकवेल.

प्रश्न : आपला देश यात कुठे आहे?

आहे ना. आर्क्टिकमध्ये स्वालबार्डला २००८ पासून आपलं हिमाद्री स्टेशन आहे, आणि ध्रुवांवरचं सगळं काम बघणारी एनसीपीओआर ही संस्था गोव्यात वास्कोला आहे, तिथे उणे २० डिग्रीच्या खोलीत आइस कोअर ठेवतात, बाहेर लोक शॉर्ट्सवर. परागकण आणि झाडांसाठी लखनौची बिरबल साहनी संस्था. शिवाय होलोसीनचे तीन भाग पाडलेत, त्यातले पहिले दोन ग्रीनलँडच्या कोअरवर ठरलेत आणि तिसरा, ४,२०० वर्षांपूर्वीपासूनचा, ज्यात आपण आत्ता आहोत, तो मेघालयातल्या मॉमलुह गुहेतल्या चुन्याच्या खांबावरून, म्हणून त्याचं नावच मेघालयन.

प्रश्न : काका मी कळव्याला राहते आणि तिसरीत आहे. ग्रीनलँड पांढरा आहे तर त्याला ग्रीन का म्हणतात?

एरिक नावाचा एक लाल केसांचा दर्यावर्दी होता, हजार वर्षांपूर्वीचा. त्याला वाटत होतं की अजून लोकांनी तिथे राहायला यावं, म्हणून त्याने छान नाव ठेवलं. घोडबंदर रोडला बिल्डिंगींची नावं बघ, ग्रीन अमुक ग्रीन तमुक, आणि झाडं दोन. तसंच.

पण एक गंमत सांगतो. वर मी आर्मीच्या तळावर ड्रिल केलं ते लिहिलंय ना, ते तू बाबांकडून वाचून घे. तेव्हा बर्फाच्या खाली पोचल्यावर ड्रिलने तळाची माती पण वर आणली होती, साधारण साडेतीन मीटर. सगळ्यांना बर्फच हवा होता, मातीकडे कोणी फार बघितलं नाही. ती एका फ्रीझरमधून दुसऱ्या फ्रीझरमध्ये गेली आणि विसरली गेली, तुझ्या घरी फ्रीझरमध्ये मागे काहीतरी पिशवी असते आणि आईलाच माहीत नसतं त्यात काय आहे, तशी. पन्नास वर्षांनी, २०१७ ला, कोपनहेगनमध्ये सामान आवरताना ती सापडली. मग कोणीतरी थोडी माती पाण्यात धुतली आणि पाण्यावर काळे बारीक तुकडे तरंगायला लागले. भिंगाखाली धरलं तर काड्या, पानं आणि शेवाळ. अंदाजे चार लाख वर्षांपूर्वीचं.

म्हणजे तिथे कधीतरी खरंच ग्रीन होतं, एरिकला ते माहीत नव्हतं एवढंच.